पायाळूचा पाय

जन्माच्या वेळी माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागाहून. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि कुणाच्या कमरेत उसण भरली की दुखऱ्या जागी पायाळूचा पाय लावतात. का लावतात ते मला विचारू नका. कोकणात आमच्या गावी भाताच्या लावणीच्या दिवसांत पडवीत माणसं पालथी पडलेली असायची आणि मी शाळेला जाता जाता एकेकाच्या कमरेला पाय लावून पुढे जायचे. त्या वयात मजा वाटायची. मोठ्या माणसांना पाय लावायची परवानगी, आणि वर हातावर खोबऱ्याची वडी.

लग्न होऊन कोपरखैरण्याला सिडकोच्या घरात आले तेव्हा ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. ह्यांची नोकरी महाप्याच्या एका कंपनीत. इमारतीला लिफ्ट नव्हती, पाणी धड वर चढत नव्हतं, बादल्या आणि सिलिंडर सगळं जिन्याने वर न्यायचं. उसण भरायला लोकांना निमित्त कमी नव्हतं. तळमजल्यावरचे काका एकदा सिलिंडर उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले, आणि ह्यांनी मला न विचारता सांगून टाकलं, "आमच्या घरात पायाळू आहे की." झालं. त्या दिवसापासून मी सोसायटीची झाले.

सकाळी पोळ्या लाटताना बेल वाजायची आणि दारात कुणीतरी एका अंगाला कलंडून उभं. "वहिनी, जरा पाय लावता काय? ड्युटीला जायचंय." पिठाचे हात वर धरून मी पाय लावायचे, पाय लागला म्हणून नमस्कार करायचे, तोवर तव्यावरची पोळी करपलेली असायची. मग मी विचारायचे, "काही फरक?" आणि उत्तर ठरलेलं, "एकदम फरक आहे." आजवर एकाही माणसाने मला नाही म्हटलं नव्हतं. माझा स्वतःचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. पण दारात आलेल्या वाकड्या माणसाला हे तोंडावर कसं सांगणार?

या सगळ्याच्या विरुद्ध घरात एकच व्यक्ती होती, माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणायचे. आई निसर्गोपचारवाल्या. पोटात काय जातं ते सांभाळा, बाकी शरीर आपलं आपण बघून घेतं, असं त्यांचं मत, आणि ते त्या स्वतः पाळायच्या. उठल्यावर कोमट पाणी, मग दुधीचा रस, दुपारी नाचणीची भाकरी आणि पालेभाजी, दिवेलागणीच्या आत रात्रीचं जेवण. तळण फक्त सणाला, तेही एक घास. डोकं दुखतं म्हणून मी गोळी घेतली तर मी दारू प्यायल्यासारख्या माझ्याकडे बघायच्या. त्यांचा दुसरा गुण म्हणजे खरं बोलणं. गुण म्हणायचं म्हणून म्हणते, नाहीतर आमटी कशी झालीय हे विचारायची घरात सोय नव्हती.

शेजारणी मला चिडवायच्या, "तुला तर सासूला लाथ घालायचं लायसन्स आहे." आई ते ऐकून हसायच्या नाहीत.

मग त्यांचीच पाठ दुखायला लागली. आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खाली बसल्यावर उठताना भिंतीचा आधार घेतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा कुठे कबूल केलं. त्यांचे उपाय सुरू झाले. तिळाचं तेल, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मातीच्या पट्ट्या. माती चाळून, भिजवून, फडक्यात पसरून त्यांच्या पाठीवर ठेवायचं काम माझं. पट्टी काढली की मी सवयीने विचारायचे, "काही फरक?"

"नाही."

एवढंच. बरं वाटेल हळूहळू, असं काहीतरी पुढे जोडावं, तेही नाही. इतकी मेहनत करून रोज ते एक 'नाही' ऐकायचं, मला रागच यायचा.

कोपरखैरण्याच्या जुन्या गावठाणातून एक भाजीवाली आमच्या जिन्यात यायची. तिने एकदा आईंना कण्हताना ऐकलं आणि मला म्हणाली, "तू पायालू हाय ना गो? मंग लाव ना सासूला पाय." मी आत बघितलं. आईंनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "सुनेचा पाय पाठीला लावून घ्यायचा? अजून इतकी वाईट वेळ आलेली नाही माझ्यावर." भाजीवालीने मला डोळ्याने खुणावलं आणि माठाची जुडी टाकून गेली.

त्याच महिन्यांत आई बारीक झाल्या. पाठीचं दुखणं सोडलं तर त्या इतक्या छान कधी दिसल्या नव्हत्या. सगळी सोसायटी त्यांच्याकडे बघत होती. बायका दुधीच्या रसाची कृती विचारायला यायच्या, साल काढायची की ठेवायची, मीठ घालायचं की नाही, आणि आई पाठीला उशी लावून तासभर सांगत बसायच्या. "बेताचं खा," म्हणायच्या, "दुसरं काही करू नका." दुपारी मी मशीनवर त्यांची पोलकी आत घ्यायचे. एकदा घेतली, थोड्या दिवसांनी परत घेतली. "आता माझ्या थोरल्या बहिणीसारख्या दिसता," मी म्हटलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, पण हसल्या होत्या. आम्ही दोघी त्या कमी होत चाललेल्या अंगावर खूश होतो.

कंपनीच्या बसमध्ये ह्यांना कुणीतरी वाशीच्या एका डॉक्टरांविषयी सांगितलं. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसत्या हाताने मणके मोकळे करतात, परदेशात शिकून आलेत. पाटीवर कायरोप्रॅक्टर असं लिहिलेलं. काकांना तो शब्द शेवटपर्यंत जमला नाही, ते त्यांना कायरोवाले म्हणायचे. औषध नाही म्हटल्यावर आई लगेच तयार झाल्या. ठेवणीतली साडी नेसल्या. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळायची तेव्हा माझा हात आवळून धरायच्या, तोंडाने हूं की चूं नाही.

दवाखान्यात प्लास्टिकचा पाठीचा कणा टांगलेला होता. आईंनी त्याला बोट लावून विचारलं, "यातला माझा कुठला बिघडलाय?" डॉक्टर हसले. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पडलात का? नाही. आडवं झाल्यावर दुखणं कमी होतं का? नाही, उलट जास्त. वजन?

"कमी केलंय," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो.

"कसं केलंत?"

"बेताचं खाऊन."

"भूक लागते?"

आई खरं तेच बोलल्या. "नाही. हल्ली लागतच नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी भूक ताब्यात आली."

डॉक्टर आता हसत नव्हते. त्यांनी आईंना तिथल्या लांब टेबलावर झोपवलंच नाही. आधी एक्स-रे आणि रक्त तपासून आणा म्हणाले. आम्ही एक्स-रे घेऊन परत गेलो तेव्हा त्यांनी तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि ह्यांना दाराबाहेर नेलं. मी मागे गेले. "मी यांच्या पाठीला हात लावणार नाही," ते म्हणाले. "मी दाब दिला तर मणका मोडेल. हे माझ्या हातचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात न्या, आजच न्या." चांगला माणूस होता. पण ज्याचं कामच पाठीला हात लावायचं, तोच हात लावायला घाबरतो म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. रिक्षात आई कुरकुरत होत्या, "एवढ्या लांब आणलंत आणि त्याने हात पण लावला नाही."

हॉस्पिटलचं फार सांगत नाही. मूळ गाठ दुसरीकडेच होती आणि तिथून दुखणं हाडांत उतरलं होतं. उशीर झाला असं कुणी थेट म्हणालं नाही. दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, घरी न्या, त्यांना खावंसं वाटेल ते द्या.

हे वाक्य आईंच्या समोर बोलले ते. दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला असता. आयुष्यभर घास मोजून खाल्लेल्या बाईला तो तिथेच कळला. घरी आल्यावर मी विचारलं, "आई, काय करू तुमच्यासाठी? काय खावंसं वाटतं?" त्या छताकडे बघत विचार करत राहिल्या. कांदाभजी, पुरणपोळी, श्रीखंड, मीच एकेक नाव घेत होते. त्यांना काही आठवेना. "तुला जे सोपं पडेल ते कर," म्हणाल्या. मी भजी तळली. त्यांनी एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि बाकीचं बशीत तसंच राहिलं. रागवावं तर कुणावर, रडावं तर कुणासमोर, मला काही सुचत नव्हतं.

लोक येत होते. कुणी गव्हांकुराचा रस आणला, कुणी कुठल्या मठातली विभूती. आई सगळं घ्यायच्या आणि विचारलं की सांगायच्या, "फरक नाही." गोळ्यांनी थोडा वेळ डोळा लागायचा, तोही पुढे लागेनासा झाला. त्या कुशीवर पडून राहायच्या आणि मी पाठीशी बसून वारा घालायचे, उकडत नसलं तरी. हातांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "दार लावून घे."

मी लावलं.

"पाय लाव."

मला वाटलं, पायाला काही टेकण लाव म्हणतायत. उशी घेऊन मी वळले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि पोलकं वर सरकवायचा प्रयत्न करत होत्या. मीच आत घेतलेलं पोलकं, आता परत ढगळ झालेलं. इतकी वाईट वेळ आलेली नाही, असं त्या म्हणाल्या होत्या, ते मला आठवलं. त्यांनाही आठवलं असणार.

मी बाथरूममध्ये जाऊन पाय धुतला, पुसला. खिडकीचा गज धरून एका पायावर उभी राहिले. मणका मोडेल, हे डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घोळत होतं. वजन अजिबात पडू द्यायचं नव्हतं. नुसता अंगठा त्यांच्या कातडीला लागेल इतकाच पाय मी पुढे केला आणि मणक्यांवरून खाली आणला. एकेक मणका अंगठ्याला कळत होता. कमरेपाशी पोचल्यावर मी पाय खाली घेतला आणि त्यांच्या पावलांवर डोकं टेकलं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्या नाही म्हणतील, आणि तेवढं एक 'नाही' मला ऐकायचं नव्हतं.

"विचार की," भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या.

"काही फरक?"

"आहे."

स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि रडले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच मुलाला सांगितलं, "हिचा पाय लागू पडला बघ मला." ह्यांनी माझ्याकडे वळून जे बघितलं ते मी विसरणं शक्य नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांत नुसती आशा. "मग रोज लाव ना," ते म्हणाले. रोज दुपारी मी गज धरून उभी राहायचे, रोज विचारायचे, रोज त्या आहे म्हणायच्या. आणि आहे म्हणताना दर वेळी त्यांचा आवाज आदल्या दिवसापेक्षा लहान झालेला असायचा. दिवाळीच्या थोड्या आधी त्या गेल्या.

तेराव्यानंतर घर शांत झालं. एका सकाळी बेल वाजली. तळमजल्यावरचे काका कठडा धरून वाकलेले उभे होते. "वहिनी, आता हे विचारणं बरं नाय दिसत, पन काय करू, उठताच येत नव्हतं." मी त्यांना आत घेतलं. ते सतरंजीवर पालथे झाले, मी पाय लावला, नमस्कार केला.

"काही फरक?"

"एकदम फरक आहे."

"काका," मी म्हटलं, "खरं सांगा."

इतक्या वर्षांत मी हे कुणालाच विचारलं नव्हतं. ते उठून बसले, माझ्याकडे बघून गोंधळले आणि मग मान खाली घातली.

"दुखतंय तसं," ते म्हणाले. "पन तुमी एवढं मनापासून पाय लावता. तुमाला नाय कसं म्हनायचं?"

कमरेवर हात ठेवून, एकेक पायरी थांबत, ते खाली गेले.