आत्याबाईंचं सुतक

आमच्या आत्याबाईंइतकी माणसं अवघ्या जऊळक्यात कोणी गमावली नसतील, आणि त्यांतलं एकही माणूस कधी जन्माला आलेलं नव्हतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सासऱ्यांचं स्टेशनच्या वाटेवर कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. पन्नास सालानंतर केव्हातरी दुकानात बॅटरीवरचा रेडिओ आला आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर खुनाची श्रुतिका लागू लागली. एक खून तीन-चार आठवडे पुरायचा. दिवेलागणीला अर्धं गाव दुकानाच्या ओट्यावर जमे. आम्ही बायका मधल्या दाराच्या आत बसून ऐकायचो. बाकी सगळे खुनी कोण याचा शोध घेत, आत्याबाई मेलेल्यासाठी रडत. बरं, रडून थांबाव्यात, तर तेही नाही. श्रुतिका संपली की त्या न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेत, ओल्या लुगड्यानं तुळशीपुढे उभ्या राहत आणि त्या रात्री अन्नाला शिवत नसत. सासूबाई म्हणायच्या, "वन्सं, अवं थो नाटकातला हाय. तिकडं नागपुरात भाकर खाऊन राह्यला असंन." केस पिळत आत्याबाई शांतपणे उत्तर देत, "खाऊ दे बापा. पन ज्याचं नाव घेऊन मेला, त्याचं कोन करन?"

सासऱ्यांना त्या श्रुतिकेतला डिटेक्टिव्ह फार आवडे. पहिल्याच भागात मांडी थोपटून ते गुन्हेगार जाहीर करत आणि पुढच्या गुरुवारी तो बदलत. आत्याबाईंना तो डिटेक्टिव्ह डोळ्यासमोर नको असे, म्हणजे कानासमोर. "मुर्दा घरात पडला, अन् हा चहा पिऊन राह्यला," असं त्या एवढ्या तिरस्कारानं म्हणत की, कपबशीचा आवाज आला की आम्हांलाही ओशाळल्यासारखं होई. एकदा एका मालगुजाराला कोणी दुधातून विष घातलं. पुतण्यानं घातलं की कारभाऱ्यानं, यावरून ओट्यावर हातघाईची वेळ आली. तेवढ्यात दाराआडून आत्याबाईंचा आवाज आला, "त्याच्या गाईची धार कोन काढते आता?" ओटा खो खो हसला. मीही हसले, पण पुढचे दोन गुरुवार खुनी कोण यापेक्षा त्या गाईचाच घोर मला लागून राहिला. ती गाय काही पुन्हा श्रुतिकेत आली नाही.

एकदा तर मेलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात जिवंत निघाला. शत्रूला फसवायला त्यानं मरणाचं सोंग घेतलं होतं. ओट्यावर टाळ्या पडल्या. आत्याबाई उठल्या, इतक्या पुरुषांतून वाट काढत थेट रेडिओपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लाज नाई वाटत तुले? माघाच्या थंडीत न्हाले मी तुह्या नावानं!" मग आत येऊन त्यांनी चूल पेटवली आणि शिरा करायला घेतला. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "जित्ता आला न वापस. गोड कराव लागते."

त्यांच्या या वेडाचं मूळ मला सासूबाईंनी सांगितलं. आत्याबाईंचं सासर कामरगावाकडचं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा त्यांचे यजमान, म्हणजे सासऱ्यांचे भाटवे, कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेले. वाटेत पटकीनं गाठलं. सोबतचे गाडीवान भिऊन त्यांना एका खेड्याच्या वेशीशी टाकून निघून आले. पुढे कोणाच्या तरी तोंडून कळलं, की त्या खेड्यातल्या लोकांनीच त्यांना अग्नी दिला. खेडं कोणतं, अग्नी कोणी दिला, हे सांगायला मात्र कधीच कोणी आलं नाही. आत्याबाईंनी कुंकू पुसलं ते ऐकीव बातमीवर.

एका चैत्रात सकाळी स्टेशनच्या पलीकडे रुळांच्या बाजूला एका तरुणाचं प्रेत सापडलं. गुरुवारांनी तयार झालेलं आमचं गाव लगेच कामाला लागलं. कोणी पावलांचे ठसे शोधले, कोणी झुडपं उपसली, सासरे छत्री घेऊन पुढे. पोलीस आले, पंचनामा झाला. गाडीच्या दारात बसल्या बसल्या झोप लागून पडला असावा, असं त्यांचं मत पडलं. ओळख पटली नाही. ऊन असं, की दिवसभर ठेवणं शक्य नव्हतं. गावानं उरकून घ्यावं असं सांगून ते गेले. प्रेत निंबाखाली हलवलं, आणि मग गाव दूर उभं राहिलं. खुनाबद्दल बोलायला सगळे होते, खांदा द्यायला कोणी नव्हतं.

दुपारी हे आत्याबाईंच्या कानावर आलं. तांब्या भरून त्या अनवाणी निघाल्या, मागून मी. माणसांकडे न बघता त्या निंबाखाली गेल्या, त्या पोराच्या उशाशी बसल्या, त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि पदरानं माश्या वारू लागल्या. सासरे घाईघाईनं आले.

"बाई, घरी चाल. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. सकाळपासून पाहालेच तं आले सारे. बसाले कोनी नाई."

"अवं, कोन, कोनाचा, जात कोनती, काईच मालूम नाई. आपुन कसं कराव?"

आत्याबाईंचा हात थांबला नाही. "तुह्या भाटव्याची जात कोनी इचारली होती?" त्या म्हणाल्या.

 सासऱ्यांनी हातातली छत्री उघडीच आत्याबाईंच्या अंगावर सावली पडेल अशी ठेवली आणि ते वळले. मला वाटलं, रागानं गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पांढऱ्या कापडाचा कोरा तागा होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं फाडला. फाटण्याचा तो आवाज ऐकून दूर उभी असलेली माणसं एकेक करून जवळ आली. ऊन कलताना सासऱ्यांनी अग्नी दिला. घरी येऊन आत्याबाईंनी दहा दिवस सुतक धरलं, आणि या खेपेला त्यांच्यासोबत अवघ्या घरानं.

पावसाळा सरताना एक माणूस दुकानाच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. त्या पोराचा थोरला भाऊ. पोलिसांकडे ठेवलेले कपडे त्यानं ओळखले होते, आणि त्यांनीच आमचा पत्ता दिला होता. काय विचारावं हे त्याला सुचत नव्हतं. आत्याबाईंनी त्याला आत नेलं, पाटावर बसवलं, आणि आपणहून सांगू लागल्या. "निजल्यावानी होता बाबू, तोंड शांत होतं. डाव्या मनगटात करदोड्यावानी हिरवा दोरा होता, थो तसाच राहू देला. तोंडात पानी म्या घातलं. लाकूड बाभळीचं होतं, वाळलेलं. आमच्या भावानं आग देली. हवा बरी होती, लवकर झालं सारं, हाल नाई झाले." तो गुडघ्यांत तोंड घालून रडला.  बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि लहान पोरासारखं म्हणाला, "माय, आखीन एकडाव सांगता काय?"

आत्याबाई पाट ओढून त्याच्या आणखी जवळ बसल्या आणि त्या दिवशीच्या सकाळपासून सारं सांगू लागल्या.