समुद्र न पाहिलेली भूगोलाची मॅडम

लोकांच्या घरी सहलींचे फोटो साठतात, आमच्या घरी न झालेल्या सहलींचे किस्से साठलेत! पाहुणे आले, चहा झाला, की कुणीतरी मुद्दाम विचारतं, "काय मॅडम, यंदा समुद्र नक्की का?" आणि मग एकातून एक निघत जातं. आधी मी चिडायचे. आता मीच सांगते, कारण दुसरे सांगतात तेव्हा पदरचं तिखट-मीठ फार घालतात.

आधी माझी अडचण ऐका. मी जळगावला पिंप्राळ्यात राहते आणि एका शाळेत चौदा वर्षं भूगोल शिकवते. सातवीला भरती-ओहोटी, आठवीला सागरी प्रवाह. फळ्यावर पृथ्वी काढते, चंद्र काढते, बाण काढते. एकदम झकास! फक्त समुद्र पाहिलेला नव्हता. मुंबईला दोनदा गेले होते, एकदा लग्नाला आणि एकदा नणंदेच्या ऑपरेशनला. दोन्ही वेळा समुद्र वाटेत आला नाही.

शाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचं नव्हतं.

*

एकदा भर वर्गात पहिल्या बाकावरची पोरगी उभी राहिली. "मॅडम, समुद्राचा वास कसा असतो?"

आता आली का पंचाईत! अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय. मी डस्टर उचललं, फळा पुसला. पुसलेला फळा पुन्हा पुसला. मग म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेला येत नाही."

पोरींनी तेसुद्धा वहीत लिहून घेतलं!

त्याच दिवशी घरी येऊन जाहीर केलं, मुलांच्या उन्हाळी सुट्टीत समुद्र. सई तेव्हा पहिलीत होती, पार्थ नुकता दुडूदुडू चालायला लागला होता. आमचे हे म्हणाले, "जाऊ की! त्यात काय एवढं?" या माणसाचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. त्यांना कुठलीही गोष्ट दोन नट आणि एक वॉशर एवढीच अवघड वाटते.

*

पहिल्या वर्षी तिकिटं काढली. बॅगा भरल्या. आदल्या दिवशी दुपारी सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, गावाहून फोन. आबा रावेरजवळ राहतात, केळीचा बाग आहे. आमच्या घरात कुठलीच तारीख कॅलेंडरवर ठरत नाही, ती केळीच्या कापणीवर ठरते. व्यापारी म्हणेल त्या दिवशी ट्रक येतो, आणि ट्रक आला की घरचं माणूस बांधावर हजर पाहिजे.

"उद्या ट्रक येऊन राह्यला," आबा म्हणाले.

मी फोन ओढून घेतला. "आबा, तिकिटं काढलीत हो! पोरं समुद्र समुद्र करताहेत."

"मंग? समुद्र काय पयून चालला? केयी पिकून जाईन ना झाडावर!"

याला भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. आम्ही मुकाट्याने कापणीला गेलो. पार्थ नवीन चड्डी घालून केळीच्या पानांच्या ढिगावर दिवसभर पोहला.

*

दुसऱ्या वर्षी केळी आटोपली होती, तर सासूबाई आडव्या आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. मे महिन्यात त्या आमच्याकडे मुक्कामाला येतात, कारण आमची गच्ची मोठी आणि त्यांचं ज्वारीच्या बिबड्यांचं वाळवण त्याहून मोठं.

मी भीत भीत म्हटलं, "अक्का, चार दिवस कोकणात जाऊन येऊ का?"

त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की विचारू नका! "असं कडक ऊन पडलं, आन् तुम्ही पाण्याकडे चालले? ऊन वाया घालवाचं का?"

जळगावचं ऊन वाया जातं ही कल्पना मला नवीन होती. चार दिवस मी गच्चीवर छत्री घेऊन कावळे हाकलत बसले. शेजारीण खालून ओरडली, "मॅडम, समुद्रावर जाणार होता ना?" मी बिबड्याचा तुकडा तोंडात टाकला आणि ऐकूच आलं नाही असं केलं.

*

पुढच्या वर्षी यांच्या डोक्यात आलं की एकट्यानं ठरवलं की मोडतं, चार कुटुंबं मिळून ठरवू. लगेच व्हॉट्सॲप ग्रुप! नाव 'चलो समुद्र'. सतरा मेंबर.

पहिला प्रश्न, "जायचं का?" दोन मिनिटांत सतरा अंगठे.

दुसरा प्रश्न, "कधी?" तीन दिवस कुणी ग्रुप उघडलाच नाही! चौथ्या दिवशी एकानं गुड मॉर्निंगचं फूल टाकलं, दुसऱ्यानं त्याला हात जोडले, आणि विषय संपला.

ग्रुप मात्र अजून जोरात चालू आहे. गेल्या आठवड्यात भरताची वांगी यंदा कुठली चांगली यावर दिवसभर भांडण झालं. दोघं तर ग्रुप सोडून गेले.

*

अशी वर्षं गेली. मीही नाद सोडला होता. पण यंदा एप्रिलमध्ये घात झाला. सई पास होऊन सातवीत गेली, आणि आमच्या शाळेत सातवीला भूगोल कोण शिकवतं? मी!

आता सईबद्दल सांगायला हवं. या पोरीला खोटं बोलता येत नाही. पाहुण्यांपुढे बशी ठेवताना "ही बिस्किटं मागच्या पाहुण्यांसाठी आणलेली आहेत" असं सांगणारी पोर! निकालाच्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, तू वर्गात म्हणतेस ना, 'आपण किनाऱ्यावर उभं राहिलो की लाटा येताना दिसतात'? वरच्या वर्गातल्या मुली सांगतात."

"हो. मग?"

"आपण म्हणजे कोण?"

मी कांदा चिरत होते म्हणून बरं, नाहीतर डोळ्यांचं काय कारण सांगितलं असतं? ती पुढे म्हणाली, "मी मुद्दाम सांगणार नाही. पण कुणी विचारलं, तर खरं सांगणार."

चौदा वर्षांची इज्जत, आणि ती जाणार कुणामुळे, तर पोटच्या पोरीमुळे! ह्यांना म्हटलं, "शाळा उघडायच्या आत मला समुद्र दाखवा. नाहीतर मी नोकरी सोडते आणि तुमच्या दुकानात येऊन बसते." दुकानाचं नाव काढल्यावर माणूस ताडकन उठला.

आबांना फोन सईनंच केला. केळी कापणीला आली होती, पण पलीकडून आबा म्हणाले, "मास्तरीन, आन् समुद्र न पाह्यता शिकवते? मंग जा ना माय! व्यापाऱ्याले सांगतो मी, चार दिवस थांब म्हना." आबांनी ट्रक थांबवला! आमच्या घराण्यात हे आजवर घडलं नव्हतं. मी फोनकडे बघतच राहिले.

*

राहायची जागा यांनी फोनवर ठरवली. कोकणातल्या एका काकूंचं घर, किनाऱ्यापासून दोन मिनिटांवर. फोन स्पीकरवर होता.

"कूलर आहे का?" यांचा पहिला प्रश्न. आमच्याकडे माणूस मुलगी बघायला गेला तरी आधी कूलर कुठे आहे ते बघतो.

"कूलर नाही हो," काकू म्हणाल्या. "पण समुद्रावरून सारखा वारा येतो."

फोनवर हात ठेवून हे मला म्हणाले, "वारा येतो म्हणतेय." मग फोनवरचा हात काढून अगदी नम्रपणे विचारलं, "काकू, तो वारा भाजतो की नुसता लागतो?"

*

मग तयारी. पोरांना पोहता येत नाही, म्हणून यांनी दुकानातून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब आणली. पंक्चर आहे का बघायला हॉलमध्येच हवा भरली. ट्यूब फुगली, फुगली, टीव्हीला टेकली, तरी हे पंप मारताहेत! "थांबा, अजून घेईल."

ट्यूब घेईल हो, पण दार? दारातून ती बाहेर निघेना. आडवी केली, उभी केली, पार्थला आत बसवून ढकलली. हवा सोडायला हे तयार नाहीत, कारण "तिथं एवढी हवा कोण भरून देणार?" दोन दिवस आम्ही ट्यूबवरून उड्या मारत स्वयंपाकघरात जात होतो.

तिसऱ्या दिवशी अक्का आल्या. त्यांनी ट्यूब बघितली, लेकाकडे बघितलं, आणि ट्यूबमध्ये चादर अंथरून दुपारची झोप काढली. मगच हवा सोडली गेली.

*

निघालो एकदाचे! पण रेल्वे चाळीसगावला थांबते, आणि चाळीसगावला यांचे मामा राहतात, नाना. आमच्याकडे नातेवाइकाच्या गावावरून डबा न घेता पुढे जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. नाना बट्ट्यांचा डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर हजर! डबा खिडकीतून आत आला. तेवढ्यावर भागायला हवं होतं.

पण हे नमस्कार करायला खाली उतरले. नानांचा आशीर्वाद म्हणजे साधा नाही. आधी लेकरं, मग धंदा, मग जमीन, मग आबा-अक्कांची तब्येत. ते जमिनीपर्यंत आले आणि गाडी सुटली. मी किंचाळले! हे पळत येऊन कसेबसे डब्यात चढले, आणि मागून नाना, वय वर्षं सत्तर, धोतर सावरत गाडीबरोबर धावताहेत.

"अहो नाना, थांबा! पडाल!"

"तब्येत राह्यली ना!" नाना ओरडले, आणि प्लॅटफॉर्म संपेपर्यंत धावून त्यांनी आबांचे गुडघे पूर्ण केले.

*

कल्याणला चुलत दिरांकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून कोकणात पोचलो. काकूंच्या अंगणात बॅगा टाकल्या आणि चहासुद्धा न घेता मी सुटले. अंगावर जळगावी सनकोट, तोंडाला स्कार्फ. मागे हे, पार्थ आणि सई. सुरूची झाडं ओलांडली, वाळू लागली. सहा वर्षं वाट बघितली होती हो या क्षणाची!

समोर समुद्र नव्हता.

लांबच लांब ओली वाळू. दोन होड्या चिखलात कलंडून पडलेल्या. पाणी कुठेच नाही!

"हाच का समुद्र?" हे म्हणाले.

"संपला?" पार्थनं विचारलं.

आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, मला रडू फुटलं. वाटलं, माझ्या नशिबी नाहीच. शेजारी एक मावशी शहाळ्यांची गाडी लावत होत्या. मी स्कार्फ खाली ओढला, धावत त्यांच्याकडे गेले आणि रडवेल्या आवाजात विचारलं,

"मावशी, इथं पाणी किती वाजता सोडतात?"

मावशींनी कोयता खाली ठेवला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "येईल दोन-अडीचपर्यंत," त्या म्हणाल्या. "कुठून आलात?"

"जळगाव," हे म्हणाले.

"असं होय! आणि बाई काय करतात?"

हे आकाशात बघायला लागले. मी सईकडे बघितलं. सईनं माझ्याकडे बघितलं, मग त्या कलंडलेल्या होड्यांकडे, मग परत माझ्याकडे.

"आई शाळेत चित्रकला शिकवते," सई म्हणाली.