प्रूफमावशींचा विरंगुळा

छापखान्यात उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढून मावशी निवृत्त झाल्या, पण चुका काही निवृत्त झाल्या नाहीत. इमारतीत सगळे त्यांना तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे प्रूफमावशी. जावेच्या आमटीतलं मीठ, भाच्याच्या नव्या घरातली वाकडी फरशी, पुतणीच्या होणाऱ्या नवऱ्याचं फेंगडं चालणं, त्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही. माणसं मात्र एकेक करून सुटत गेली. उरली एकच मैत्रीण, खालच्या मजल्यावरची बेकरीवाली. तिला कुणाचं बोलणं लागतच नसे.

उन्हाळ्यात मावशींचा रक्तदाब चढला. डॉक्टर म्हणाले, डोकं शांत होईल असं काहीतरी हातानं करा. बेकरीवालीनं लगेच दोघींची नावं उन्हाळी छंदवर्गात घातली. तिथे फ्रेंडशिप बँड शिकवत. रंगीत दोरे सेफ्टी पिनेनं उशीला टोचायचे, गाठीवर गाठ मारत जायचं आणि म्हणे मन हलकं होऊ द्यायचं.

मावशींनी मन हलकं करायचं काम कंबर कसून हाती घेतलं. ओळ तिरकी गेली की उसवायची, पुन्हा घालायची. शिवाय आजूबाजूच्या उशांवरही लक्ष. "तुमची गाठ डावीकडे झुकलीय," हे त्या इतक्या आपुलकीनं सांगत, की पहिल्याच आठवड्यात त्यांच्या एका बाजूची खुर्ची रिकामी झाली. दुसऱ्या बाजूला बेकरीवाली होती म्हणून बरं. शिकवणारी मुलगी रोज म्हणे, "मावशी, श्वास सोडा." मावशी तेवढा सोडत.

बेकरीवालीची बोटं जाड, त्यात तोंडाची टकळी अखंड चालू. शेवटच्या दिवशी तिनं आपला बँड मावशींच्या हातात ठेवला. "तुझ्यासाठी केलाय गं. उद्या ये, बांधते. आत्ता भट्टी पेटवायचीय."

मावशींना भरून आलं. त्यांच्यासाठी आपल्या हातानं कुणी काही केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. घरी जाऊन त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. हिरवा दोरा मध्येच गायब होऊन भलतीकडेच उगवला होता. एवढी एकच गाठ, म्हणून त्यांनी सुई घातली. तिच्याखाली दुसरी निघाली, मग तिसरी. शेवटी सगळाच उसवला आणि त्याच दोऱ्यांचा नवा केला. फारच सुबक झाला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवालीनं तो बोटांवर फिरवून पाहिला. "सुरेख आहे. पण हा मी केलेला नाही."

"तुझाच आहे. मी फक्त जरा नीट केला."

"मग तूच बांधून घे."

मावशी खटपट करत राहिल्या. एका हातानं स्वतःच्या मनगटावर गाठ काही बसेना. बेकरीवाली पावाचे ट्रे उचलत राहिली, वळूनही बघेना. जिला काहीच लागत नसे तिला हे लागलं होतं.

दुपारी त्या उशी आणि पुन्हा उसवलेले दोरे घेऊन बेकरीत आल्या. "तूच पुन्हा कर."

"माझं वाकडंच होईल."

"होऊ दे."

बेकरीवालीनं हात पुसले आणि ती त्यांच्यासमोर बसली. तिसऱ्याच ओळीत गाठ उलटी पडली. मावशींनी तोंड उघडलं. बेकरीवालीनं मान वर केली. "काय गं?"

"कुठे काय," मावशी म्हणाल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिल्या.