पाच नंबरचा बिल्ला

शहारेकाकांच्या घरचं इंटरनेट मीच बिघडवलं, आणि तेही त्यांच्या रीनाच्या मुलाखतीला पंचवीस मिनिटं उरली असताना. नागपूरच्या एका दवाखान्यात नर्सची जागा होती. मुलाखत लॅपटॉपवर, बरोबर अकराला. वेळेवर दिसला नाहीत तर पुढचं नाव पुकारू, असं त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं. रीना केस चापून बसवून तयार होती. मी म्हटलं, तोवर सर्टिफिकेटची एक कॉपी काढून ठेवू. प्रिंटर चालू केला. तो घरघरला आणि लॅपटॉपचं नेट गेलं. आलं. परत गेलं.

"का केलं बे तू?" रीना म्हणाली.

"मी का केलं? प्रिंटर लावला फक्त."

"मंग नेट कायले गेलं?"

अर्जुनी मोरगावातल्या आमच्या गल्लीत कॉम्प्युटर म्हटलं की माझं नाव निघतं. मी दोन वर्षं गोंदियाला आयटीआयला होतो, हे त्याचं कारण. तिथे नेमकं काय शिकलो, हे सुदैवाने कोणी विचारत नाही. मी राऊटर बंद करायला हात पुढे केला. आमच्याकडे हा पहिला उपचार, आणि बहुतेक वेळा शेवटचाही. रीनाने हात धरला. "खबरदार! मागच्या खेपी अर्धा तास आलं नोतं." मोबाइलच्या नेटवर मुलाखत द्यावी, तर गल्लीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते. कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "भैया, कंप्लेंट डाल दी है, कल तक आदमी आ जाएगा."

तेवढ्यात लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. तुमचा नंबर या नेटवर्कवर दुसऱ्या एका यंत्राकडेही आहे, अशा अर्थाची. ती वाचून मी प्रिंटरकडे पाहिलं. ते दुसरं यंत्र कोणतं आणि त्याला तो नंबर कोणी दिला, दोन्ही मला माहीत होतं.

याच वेळी पतिरामकाका घरात आले. पतिराम शहारे म्हणजे रीनाचे बाबा. एकतीस वर्षांपासून स्टेशनासमोर त्यांचा सायकल स्टँड आहे. टिनाचं छप्पर, खाली एक बाकडं आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेले पितळी बिल्ले. एकेका नंबरचे दोन, एक गाडीच्या हँडलला आणि एक माणसाच्या हाती. आता सायकली कमी आणि मोटरसायकली जास्त, पण बिल्ले तेच. दिवसा ते स्टँड कधी सोडत नाहीत. आज चहाच्या टपरीवाल्या गुलाबला बाकड्यावर बसवून ते पोरीची मुलाखत पाहायला आले होते. पाहायला मिळालं ते आमचं भांडण.

"का झालं?"

मी घाईघाईत सांगू लागलो. "काका, घरात मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, जे यंत्र येते ना, ते आधी हाक मारते, मले कोनी नंबर देते का? राऊटर म्हनते, हा घे, सहा. यंत्र म्हनते, चालते, हाच देऊन टाक. मंग राऊटर लिहून ठेवते, की सहा नंबर याच्याकडे, अमुक वेळापर्यंत. मुदत भरत आली की यंत्र पुन्हा विचारते, ठेवू का? नाही विचारलं, घरातून निघून गेलं, तर मुदत सरल्यावर तो नंबर दुसऱ्याले."

"हे तं माह्या स्टँडावरचंच सांगून राहिला तू. मंग अडलं कुठं?"

"लॅपटॉपले प्रिंटर घडीघडी सापडेना, म्हणून मागच्या हप्त्यात मी त्याले हातानं पाच नंबर टाकून देला. राऊटरले काही मालूम नाही. प्रिंटर बंद होता, तं राऊटरनं पाच मोकळा समजून लॅपटॉपले देऊन टाकला."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे घरूनच बिल्ला बनवून आणला तू."

"तसंच."

"बाबा, बारा मिनिटं राहिले!" रीनाचा आवाज फाटला होता.

मी प्रिंटरच्या छोट्याशा पडद्यावर एकेक बटण दाबत सेटिंग शोधू लागलो. भाषा, कागद, शाई, सगळं सापडत होतं, नंबर सोडून. काका शांतपणे भिंतीजवळ गेले आणि प्रिंटरची पिनच उपसली.

"आता पाच नंबरची एकच गाडी उभी आहे. पाहाय."

मी लॅपटॉपचं वायफाय बंद करून चालू केलं. नेट आलं आणि टिकलं. अकराला चार मिनिटं कमी होती. मला रडू येईल असं वाटलं, पण रीना आधीच ओरडली, "निघा दोघंबी बाहेर!"

अंगणात आम्ही चोरासारखे बसलो. आतून रीनाचा आवाज येत होता, न तुटता. काका कुजबुजत म्हणाले, "योगराज गुरुजी होते एक. रोज रेल्वेनं वडस्याले जाणं-येणं. त्याहीले अकराच नंबर पाहिजे. एक दिवस सोताच टिनावर अकरा रंगवून सायकलले टांगला. मले नाही सांगितलं. मी खऱ्या अकराचा बिल्ला एका दूधवाल्याले देला. संध्याकाळी दूधवाला तो बिल्ला दाखवून गुरुजीची सायकल घेऊन पसार."

"मग?"

"मग का? दोन दिवस गावोगाव हिंडलो. सायकल भेटली, पन तिच्यावर दुधाचे कॅन बांधून चाक वाकडं झालं होतं. तवापासून रोजवाल्याहीचे बिल्ले येगळ्या खिळ्यावर, एक ते वीस. कोनाचा कोनता, ते वहीत. गुरुजीले अकराच भेटे. पन देत होतो मी. थे घरून नाही आनत."

आयटीआयच्या दोन वर्षांत हे मला कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. (सांगितलंही असेल. मी मागच्या बाकावर असायचो.)

वीस मिनिटांनी रीना बाहेर आली.

"आवाज तुटला का?" मी आधी तेच विचारलं.

"एकदाबी नाही. म्हने, नाइट ड्युटी करशील का? मी म्हटलं, कराच लागते." काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसायसारखं त्यावर काही नव्हतं.

मग मी शिस्तीत काम केलं. पिन लावली, प्रिंटरच्या पोटातलं ते सेटिंग एकदाचं सापडलं, त्यातला माझा पाच काढला आणि त्याला सांगितलं, नंबर राऊटरकडूनच घे. मग राऊटरमध्ये नोंद केली, की या प्रिंटरला दर वेळी वीसच द्यायचा. सर्टिफिकेट छापून निघालं. आता त्याची कोणाला गरज नव्हती.

चौथ्या दिवशी मेल आला. निवड झाली, पहिल्या तारखेपासून रुजू. रीनाने तो मला तीनदा वाचायला लावला, आणि दर वेळी म्हणाली, "तुह्या भरोशावर राहिली असती, तं गेली होती."

ते खरंच होतं. काकांनीही सोडलं नाही. "लोकेश, मी तास-दीड तास स्टँड सोडला तुह्यापायी. गुलाबचं दूध उतू गेलं. एक रविवार बाकड्यावर बसशील, तवा फिटन."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. तीन रविवार गेले. उद्या चौथा आहे, आणि मला थोडी कणकण वाटते आहे, असं मी काकांना आजच कळवून ठेवलं आहे.