भोगीची वांगी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. आता लिहायला बसलोय तर दाराला आतून कडी घातली आहे. रविवारची सकाळ आहे, दोघी बाहेर गेल्या आहेत, घरात मी एकटा — तरी कडी घातली. जिन्यात पावलं वाजली की माझा हात थांबतो. वीस-बावीस वर्षं झाली त्या गोष्टीला, तरी वाटतं, कुणीतरी विचारायला आलं.

आधी थोडं मंडळाबद्दल सांगतो. म्हणजे, मूळ गोष्ट लांबवतोय हे माझ्याही लक्षात येतंय, पण मंडळाशिवाय ती कळणार नाही.

आम्ही वर्ध्याहून पुण्याच्या कडेला धायरीत राहायला आलो तेव्हा अर्धं गाव होतं आणि अर्ध्या इमारती उभ्या राहत होत्या. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होतो. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि भीडभाड न ठेवता सांगायच्या, याचा मला पगार मिळायचा. आमच्या सोसायटीमागे विहिरीजवळ पाच गुंठे जमीन होती, गाव ज्यांना आत्या म्हणायचं त्या हौसाआत्यांच्या घरची. बाकीची शेतं बिल्डरकडे गेली होती, एवढा तुकडा आत्यांनी अडून राहून ठेवला होता. त्यावर गावातल्या आणि फ्लॅटमधल्या लोकांनी मिळून बागमंडळ काढलं. प्रत्येकाला एकेक वाफा.

मंडळाचं वर्ष ठरलेलं असायचं. मृग लागला की आत्यांच्या ओट्यावर बियांची वाटणी. श्रावणात पालेभाज्या, पहिली जुडी शेजारच्या वाफेवाल्याला द्यायची. दिवाळीनंतर गुलाबांची छाटणी, आणि त्या वेळी अध्यक्ष दातार यांचं व्याख्यान, जे गुलाबांनाही तोंडपाठ झालं असेल. आणि पौषात भोगी. सकाळी प्रदर्शन आणि स्पर्धा, दुपारी पंगत. स्पर्धेत आलेली प्रत्येक भाजी पातेल्यात गेलीच पाहिजे, हा नियम. आता भोगीच्या भाजीत दुधी कोण घालतं? आम्ही घालायचो.

दुसरा नियम याहून साधा होता. वाफ्यात विषारी औषध मारायचं नाही. कडुनिंबाचं पाणी मारा, राख टाका, अळ्या हाताने वेचा. आणि नाहीच जमलं तर किडकं खा, असं आत्या म्हणायच्या.

भाजी चिरण्याआधी आत्या पातेल्याशेजारी पाट टाकून बसायच्या. प्रत्येक दुधीची, काकडीची देठाकडची चकती कापून स्वतः चावून बघायच्या. कडू दुधी पोटात गेला तर माणूस आडवा होतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आत्यांनी मान हलवली की तो पातेल्यात. कुणी पुन्हा विचारायचं नाही. त्यांच्या जिभेला फसवणारा दुधी अजून वेलीला लागायचाय, असं दातार म्हणायचे — आणि दातारांनी कुणाचं कौतुक करणं म्हणजे काय, ते पुण्यात राहिलेल्यालाच कळेल.

माझी मात्र तीन वर्षं सलग फजिती झाली होती. वांगी लावायचो, आणि प्रदर्शनात सुरी घातली की आत अळी. तिसऱ्या वर्षी दातार चष्मा वर करून म्हणाले, "स्पर्धा भाजीची आहे, प्राण्यांची नव्हे." सगळे हसले. आत्याही हसल्या, त्या मला प्रेमाने 'कॉम्प्युटर' म्हणायच्या. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो. मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

चौथ्या वर्षी भोगीला तीन दिवस असताना शेंड्यांवर पुन्हा भोकं दिसली. ऑफिसला जाण्याआधी, वाफ्यांवर कुणी नसताना, मी फवारलं. बाटली लांबच्या दुकानातून आणली होती, ओळखीच्या नाही. त्यावर लाल खूण होती, कवटी होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं — फवारणीनंतर दोन आठवडे फळं तोडू नयेत. मी ते वाचलं. वाचलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण बारीक अक्षरं वाचणं हेच तर माझं काम होतं. मापाने घालायचं होतं, मी अंदाजाने जास्त घातलं. तोडल्यावर नळाखाली धुतली, दोनदा. एवढं पुरे, असं स्वतःला सांगितलं.

भोगीच्या सकाळी आत्यांनी माझी वांगी एकेक चिरून पाहिली. "एकबी किडकं न्हाय! कॉम्प्युटर, हात बसला बग तुजा." पहिला नंबर मला मिळाला. दर वर्षी विजेत्याच्या घरी जाणारी फिरती पितळी झारी हातात घेऊन फोटो काढला. फोटोत मी छान हसतोय.

मग पंगत बसली. बायको त्या आठवड्यात वर्ध्याला गेली होती. बाजरीची भाकरी, लोणी, तीळ, आणि ती भाजी. माझी मुलगी मुग्धा आणि आत्यांची नात सोनाली शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघी सहा वर्षांच्या, एकाच वर्गातल्या. वाढपी त्यांच्याकडे आला, मुग्धाच्या पत्रावळीत भाजी पडली, आणि —

इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही इथेच थांबतो.

मी उठलो, मुग्धाला काखेत उचललं आणि म्हणालो, "हिचं पोट बिघडलंय, हिला नको." मुग्धा रडायला लागली, तिला भूक लागली होती. मी तिला घेऊन वळलो तेव्हा सोनालीने तिच्या पत्रावळीतली वांगी आपल्या पत्रावळीत ओढली. टाकून द्यायचं नाही, ही त्या घरची शिकवण. मी ते पाहिलं. तिच्यापासून मी चार पावलांवर होतो. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या एका शब्दानंतर सगळे विचारणार होते, का?

मला ठाऊक नव्हतं, असं आता कसं म्हणू? ठाऊक नव्हतं तर मुग्धाला का उचललं?

संध्याकाळपर्यंत अकरा जणांना उलट्या सुरू झाल्या. दहा जण सलाइनवर सावरले. सोनाली सावरेना. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि हातपाय झटकत होते. मी दवाखान्यात होतो. सगळेच होते, आणि मी नसतो तर दिसून आलं असतं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि बाहेर येऊन सरळ विचारलं, "फवारलेलं काही खाण्यात आलं का? नक्की सांगा, त्यावर उपचार ठरतो." दातार म्हणाले, "आमच्याकडे औषध मारतच नाहीत. नियम आहे." डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवली — नाही.

त्या वेळी डोक्यात काय होतं, तेही सांगतो. पोलीस होते. कंपनी मला पुढच्या महिन्यात अमेरिकेला पाठवणार होती, तो व्हिसा होता. गावातल्या लोकांचे उगारलेले हात होते. सोनाली नव्हती. भीती एवढी होती की तिच्यात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती.

डॉक्टरांनी आमच्या बोलण्यावर विसंबून न राहता उपचार केले असावेत. चौथ्या दिवशी सोनालीने पाणी मागितलं. ती वाचली, ते माझ्यामुळे नाही.

आता कुणावर तरी यायलाच हवं होतं. कुणीतरी म्हणालं, घास कडसर लागला होता. मग सगळ्यांनाच तो कडसर लागला होता. दुधी! आत्यांवर कुणी ओरडलं नाही, वय झालं म्हणाले. ते त्यांना जास्त लागलं. मंडळाची बैठक झाली तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माजी जीभ गेली. मला कळलंच न्हाय. माज्या भरवशावर पोरीच्या पानात पडलं त्ये." पदर तोंडाला लावून त्या बाहेर गेल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. झारी माझ्या घरी होती.

पुढच्या वर्षी भोगीची पंगत झाली नाही. त्यानंतर आत्यांनी त्या पाच गुंठ्यांसाठी भांडणंही सोडलं. आज तिथे बारा मजली इमारत आहे. मी अमेरिकेला जाऊन आलो, बढती घेतली. झारी कुणी परत मागितली नाही, ती गॅलरीत आहे. मुग्धाला त्या दुपारचं एवढंच आठवतं की बाबांनी जेवू दिलं नव्हतं; ती ते हसत सांगते. मी पाणी प्यायला उठतो.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. गच्चीवर ड्रमात एक वेल लावतात. दर वर्षी पहिला दुधी कापायच्या आधी काठी टेकत आमच्याकडे येतात. परवाही आल्या. देठाकडची चकती कापून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "तू चाखून सांग बाबा. सोनी आलीया माहेरी, तिच्या पोराला वाढायचा हाय. माज्या जिबंवर माजा इस्वास न्हाय ऱ्हायला."

सांगायची तीच वेळ होती. दर वर्षी तीच वेळ असते. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते.

मी चकती चावली. गोड होती. "चांगला आहे, आत्या," मी म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, दुधी पिशवीत घातला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या.