नूतनने झाडलेली टपालपेटी

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत नूतन असवले राहते. आसपासच्या वाड्यांतल्या, वरई-नाचणी पिकवणाऱ्या बायकांच्या गटाचे काम ती पाहते. गटाचा ईमेल एकच. पण तो तीन ठिकाणी उघडतो. वाडीत नूतनच्या संगणकावर, मंचरहून माल रवाना करणाऱ्या गोकुळच्या दुकानात, आणि आळे गावात गटाचे अध्यक्ष बाळासाहेब यांच्या घरी.

वाडीचे खळे सामायिक आहे. ज्याची मळणी आटोपली त्याने ते झाडून पुढच्याच्या हवाली करावे, अशी रीत. ती कोणी शिकवत नाही. न पाळणाऱ्याकडे मात्र सगळे बघतात. नूतनने टपालालाही तीच रीत लावली. पत्राला उत्तर दिले, काम मार्गी लागले, की पत्र आणि उत्तर दोन्ही पुसायचे. उरकलेले दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे कशाला ठेवायचे, असा तिचा सद्हेतू.

एकदा पुण्याच्या दुकानदाराने गोकुळला फोन करून वरईची चौकशी केली. मागणी पाठवली होती, उत्तरही मिळाले होते, असे तो म्हणाला. गोकुळकडे त्यातले काहीच नव्हते. बाळासाहेबांकडे मात्र मागणीचे पत्र होते. शिवाय त्या मागणीची वरई नूतनच्याच वाडीतून भरली जात होती. बाकीच्या वाड्यांपासून ती मागण्या लपवते, हा संशय त्यातून उभा राहिला. तिच्याकडून काम काढून घ्यायचे का, हे ठरवायला मंचरला गोकुळच्या दुकानात गटातल्या बायकांची बैठक बसली.

बाळासाहेबांनी आधी यंत्राची बाजू मांडली. "माझा प्रोग्राम जुना हाय. त्यो पत्राची नक्कल माझ्या संगणकात उतरवून घेतो. तुमी तिकडं पुसलं तरी माझी नक्कल ऱ्हाते. तुमी दोघं मात्र एकाच पेटीत बघता. एकानं पुसलं की दुसऱ्याकडनंबी गेलं."

गोकुळने पुसलेल्या पत्रांची टोपली उघडली. महिनाभराची पत्रे तिथे होती. त्याआधीची टोपलीने आपोआप टाकून दिली होती. पत्र कोणी पुसले, याची नोंद मात्र टोपलीत नव्हती.

"कुणाचं तरी चुकून बोट लागलं आसंल," बाळासाहेब म्हणाले. "द्या सोडून, राव."

वाट मोकळी होती. नूतन त्या वाटेने गेली नाही.

"बोट न्हाई लागलं. समदी मीच पुसली. काम झालं की खळं झाडतो ना आपण, तसं."

"खळं झाडताना दाणं आधी घरी नेत्यात, वयनी," गोकुळ म्हणाला. "तुमी दाण्यासकट झाडलं."

बायका हसल्या. नूतनही जराशी हसली, मग म्हणाली, "व्हय. आन् वरई आमची वाळलेली व्हती म्हणून आमचीच भरली. इचारायला पायजे व्हतं."

"लपवायचं आसतं तर वयनी आत्ता गप बसल्या आसत्या," गोकुळ बायकांना म्हणाला. "काम ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडंच."

सामायिक जागेवर एकट्याचा चांगुलपणा पुरत नाही. तिथे आधी विचारावे लागते. नूतनने टोपलीतली पत्रे परत पेटीत आणली. आता पेटी भरलेली असते, आणि तिला ते अजून सहन होत नाही. पुसण्याआधी ती गोकुळला फोन लावते.

"ऱ्हाऊ द्या, वयनी," तो बहुतेकदा म्हणतो. आणि ती राहू देते.