डग्गा झोपला!

ठेकाताईचं खरं नाव मुलांना ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. सकाळी ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. आत मशीन घरघरू लागलं की बाहेर थांबलेली पोरं भोकाड पसरायची. एकदा वैतागून तिने टेबलावर बोटांनी तीनतालाचा ठेका धरला, तर काय! रडं थांबलं आणि एका पोराने चक्क टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिथेच बाईच्या डोक्यात किडा वळवळला. लवकरच त्याच पोरांचा संध्याकाळचा वर्ग सुरू झाला, तोही तिच्या आत्याच्या दिवाणखान्यात.

आत्याने जन्मभर तबला शिकवलेला. भाचीलाही तिनेच घडवलं, पण ठेका चुकला की दाराबाहेर उभं करून! अशा शिस्तीत चार-पाच वर्षांची पोरं टिकणार कशी? म्हणून भाचीने खेळ काढला. डग्गा घुमतोय तोवर खोलीभर पळायचं. ठेक्यात 'तिं तिं ता' आलं, म्हणजे डग्गा झोपला, की आहोत तिथे आडवं व्हायचं. तो पुन्हा घुमला की उठायचं. झोपेत आवाज केला तर आउट! मग खिडकीखालच्या बाकावर बसायचं आणि पुढच्या डावात परत यायचं.

"तबला शिकवतेस की पाळणाघर चालवतेस?" एक दिवस आत्याने फर्मान काढलं. "उद्या मी बघणार. पोरांना काही येत नसेल, तर वर्ग बंद. दुसरी जागा शोध."

दुसरी जागा होती कुठे? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं जमली. ठेकाताईने हात तबल्यावर टाकले आणि पोरं उधळली. खुर्च्या सरकल्या, एक उशी कपाटावर गेली. तेवढ्यात दारात आत्या! कपाळावर ही आठी! 'तिं तिं' वाजलं, पोरं पटापट आडवी झाली आणि नेमकी तेव्हाच आत्या कडाडली, "बंद करा हा धिंगाणा!"

भीतीने ठेकाताईचे हात थांबले. पोरं तशीच आडवी. मग जमिनीवरून दोन शेंड्यांच्या पोरीने, चिमणीने, एक डोळा उघडला आणि बोट रोखलं.

"आजी आउट!"

"काय?"

"डग्गा झोपला होता ना! तुम्ही ओरडलात. बाकावर बसा."

"तो झोपला हे तुला कुणी सांगितलं?"

"ऐकू येतं की," चिमणी म्हणाली. "फक्त तिं तिं होतं."

तालातल्या या जागेला जाणकार 'खाली' म्हणतात. ती कानांनी ओळखायला भल्याभल्यांना घाम फुटतो. आत्या तरातरा पुढे आली, भाचीला बाजूला सारून स्वतः तबल्यावर बसली. आधी सावकाश ठेका धरला. पोरं पळाली, बरोबर जागेवर आडवी झाली. मग तिने लय दुप्पट केली, मध्येच बोलांची मोडतोड केली, मुद्दाम चकवलं. पोरं खिदळत होती, एकमेकांवर आदळत होती, पण खाली आली रे आली की धपाधप जमिनीवर! ठेकाताईला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. तिने तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर तीच आउट झाली असती.

शेवटी आत्याने हात उचलले. ती धापा टाकत होती आणि गाल लाल झाले होते.

"वर्ग..." ठेकाताईने चाचरत विचारलं.

"थांब गं, मी आउट आहे," आत्या म्हणाली आणि मुकाट्याने खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसली. मग भाचीकडे न बघताच म्हणाली, "मी चुकले की आमचे गुरुजी मला दाराबाहेर काढायचे. आउट झालेल्याला परत खेळात घेतात, हे मला कुणी दाखवलंच नाही."

ठेकाताईचे डोळे भरून आले.

"आजी, नवा डाव!" चिमणीने हाक मारली.

आत्याने चष्मा काढून भाचीच्या हातात दिला आणि पोरांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. "वाजव," ती म्हणाली.